आवाज लिंक रॉडचा, दुखणं स्ट्रटचं

गाडी २०१८ ची, पेट्रोल-सीएनजी, पाच सीटर, घरातली एकमेव. ७८ हजार किलोमीटर झालेली. मालकीणबाई ऐरोलीच्या शाळेत शिक्षिका. कासारवडवलीहून रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा असा त्यांचा रस्ता. सुट्टीच्या दिवशी तीच गाडी घरच्या सगळ्यांना घेऊन फिरते आणि अधूनमधून सिन्नरकडच्या गावी जाते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजला ती पहिल्यांदाच आली आणि येताना जुन्या बिलांची प्लास्टिकची पिशवीही आली. अशी गिऱ्हाइकं मला आवडतात. निम्मी तपासणी त्या पिशवीतच होते.

बिलांवरून दिसलं ते असं: वर्षभरात पुढच्या लिंक रॉडची (स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग बसवलेल्या पुढच्या शॉकअपला, जोडलेल्या छोट्या सळईची) जोडी दोनदा बदललेली. एकदा डावा लोअर आर्म, चाकाला खालून धरणारा. एका बिलावर ‘सस्पेन्शन टाइट केले’ एवढंच लिहून मजुरी लावलेली. अलाइनमेंट तर दर वेळी. प्रत्येक खेपेला आवाज गेला आणि दोन-अडीच महिन्यांत परत आला.

ताईंची तक्रार सरळ होती. “स्पीड ब्रेकरवरून उतरताना डावीकडून खट्ट करतं. सोसायटीच्या गेटवर तर वॉचमनसुद्धा वळून बघतो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि दादा, याचा काही संबंध असेल-नसेल, पण सासूबाई हल्ली मागे बसायला तयार नसतात. हायवेला गाडी होडीसारखी डुलते म्हणतात, मळमळतं त्यांना.”

ही दुसरी गोष्ट कुठल्याच बिलावर नव्हती. आधीच्या गॅरेजला ती कुणी सांगितलीच नव्हती. मला मात्र त्या खट्टपेक्षा डुलण्यातच जास्त रस वाटला.

तपासणी

तरी सुरुवात आवाजापासूनच केली, कारण गिऱ्हाईक आवाजासाठी आलेलं असतं. लिंक रॉड बघायची म्हणून बरेच जण गाडीची एक बाजू जॅकवर घेतात आणि लिंक हाताने हलवून पाहतात. तिथेच फसगत होते. एक चाक लटकलेलं आणि दुसरं जमिनीवर असलं की वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या लिंकना जोडलेला स्टॅबिलायझर बार पिळला जातो, तो ताण दोन्ही लिंकवर येतो आणि ढिला झालेला बॉलसुद्धा हाताला घट्ट लागतो. म्हणून गाडी पिटवर घेतली, चारही चाकं जमिनीवर, आणि खालून लिंक धरून हलवली. डाव्या लिंकच्या खालच्या बॉलमध्ये ढिलाई होती. बोटांना टकटक स्पष्ट जाणवत होती.

बाकीचं झटपट आटोपलं. लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, टॉमी (लोखंडी पहार) घालून पाहिले, ठीक. बॉल जॉइंट, टाय रॉड एन्ड ठीक. कॅलिपरच्या पिना कोरड्या होत्या, त्यांना ग्रीस हवं होतं, पण आवाज त्यांचा नव्हता. इंजिन माउंटिंगही शाबूत.

म्हणजे आधीच्या मेकॅनिकने जे बदललं ते काही उगाच बदललं नव्हतं. खट्ट आवाज खरोखरच लिंकचा होता. पण नवी लिंक इतक्यात का जावी? शेवटची जोडी स्वस्तातली होती हे एक कारण झालं. मात्र त्याआधीची जोडी चांगल्या कंपनीची होती, तिचा खोकासुद्धा ताईंच्या पिशवीत होता, आणि तीही तेवढेच दिवस टिकली होती. नवा भाग पुन:पुन्हा त्याच जागी मरतो तेव्हा त्याला मारणारं शेजारीच कुणीतरी असतं.

पुढच्या डाव्या टायरवर तळहात फिरवला. डोळ्यांना टायर बरा दिसत होता, नक्षी भरपूर शिल्लक. हाताला मात्र ठरावीक अंतराने उंचवटा आणि खळगा लागत होता, पूर्ण घेराभर. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बिघडल्यावर होणारी झीज वेगळी असते. तिथे पट्ट्यावर आडवा हात फिरवला की एका दिशेला गुळगुळीत लागतं आणि उलट दिशेला रबराच्या कडा टोचतात. खळगे असे घेराच्या दिशेने पडले, तर चाक रस्त्यावर सलग टेकत नाही, उड्या मारत चाललंय असं समजावं. बॅलन्सिंग बिघडलं तरी असं होऊ शकतं, म्हणून चाक मशीनवर चढवलं. वजनं जवळपास बरोबर निघाली. अलाइनमेंटच्या पावत्या कितीही जमवल्या असत्या तरी हे खळगे थांबले नसते.

मग मडगार्डच्या आत टॉर्च मारली, आणि दोन गोष्टी दिसल्या. डाव्या स्ट्रटचा डस्ट बूट, म्हणजे दांड्यावरचं धूळ अडवणारं रबर, फाटून खाली घसरला होता. त्याखाली स्ट्रटच्या नळकांड्यावर धूळ आणि तेलाचा काळा चिखल, अगदी खालच्या ब्रॅकेटपर्यंत ओघळलेला. दांड्याभोवती वरवर थोडी ओल असेल तर मी ती सोडून देतो, सीलमधून तेवढं तेल यायचंच. ओघळ खालपर्यंत पोचला की मात्र सील गेलं. पावसाळ्यात रस्त्याच्या पाण्याने आणि घाणीने हा फरक कळेनासा होतो, त्यामुळे नळकांडं पुसून घेतलं आणि चालवून आणल्यावर परत बघायचं ठरवलं. उजवा स्ट्रट मात्र कोरडा ठणठणीत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही पुढच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत बसवलेले जाड रबरी बफर. ताईंना त्याची काहीच कल्पना नव्हती. त्यांच्या घरच्या साहेबांना फोन लावला तेव्हा उलगडा झाला. “गेल्या वर्षी टायर घेतले तेव्हा दुकानदाराने टाकून दिले. गाडी ब्रेकरला घासत होती ना, म्हणाला उंच होईल.”

आता हे बफर काय करतात ते बघा. दोन वेटोळी एकमेकांकडे येऊच शकली नाहीत की स्प्रिंगचा तेवढा भाग बाद होतो. उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते आणि दाबली गेली की जास्त जोराने परत फेकते. ती फेक आवरायचं काम शॉकअपचं. कंपनीने शॉकअपच्या झडपा मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने ठरवलेल्या असतात. आधीच थकलेल्या शॉकअपवर वरून कडक स्प्रिंग लादली, तर ब्रेकरवरून उतरताना चाक झपकन खाली जातं आणि स्ट्रटचा दांडा आपल्या मर्यादेला जाऊन आपटतो. लिंक रॉड स्ट्रटच्या अंगालाच बोल्टने जोडलेली. तो दणका तिला रोज, प्रत्येक ब्रेकरला बसत होता.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणीही केली, साहेबांच्या समाधानासाठी. गाडी एकदा वर आली आणि थांबली, म्हणजे ‘पास’. या चाचणीवर माझा विश्वास नाही. हाताने दाबताना दांडा फार हळू हलतो, आणि बुश-बेअरिंगांचं घर्षणही गाडी थांबवायला मदत करतं. शॉकअपची खरी परीक्षा वेगाने येणाऱ्या धक्क्याला असते.

तेव्हा रस्त्यावर गेलो. गाडी ताईंनीच चालवली, मी शेजारी. वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर काही विशेष जाणवेना. तीन हात नाक्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे धरला आणि पुलाच्या सांध्यांवर नाक वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं, परत खाली आलं. चांगल्या शॉकअपची गाडी एका हेलकाव्यात बसते. पुढे मागे कुणी नाही असं बघून जरा जोरात ब्रेक मारायला सांगितलं. नाक चांगलंच वाकलं आणि थांबल्यावर गाडीने मागे झोका घेतला. सासूबाईंची तक्रार शंभर टक्के खरी होती.

परत आल्या आल्या चारही शॉकअपना हात लावून पाहिला. शॉकअप धक्क्याची ताकद तेलात जिरवून तिची उष्णता करतो, त्यामुळे खराब रस्त्यावरून आल्यावर काम करणारा शॉकअप कोमट लागायला हवा. मागचे दोन्ही कोमट होते. पुढचे, ब्रेकच्या इतक्या जवळ असूनही, त्यांच्यापेक्षा गार. नुसत्या या एका गोष्टीवर कुणाला बिल लावू नये, पण पुराव्यांची रांग लागली होती. डाव्या नळकांड्यावर ताज्या तेलाची रेघही उतरली होती.

स्ट्रट आतून कसा मरतो

आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं आणि झडपा. दांडा वरखाली होताना तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने जातं, तीच रोखण्याची ताकद. तेलावर थोड्या दाबाचा नायट्रोजन असतो, तेलाचा फेस होऊ नये म्हणून. दांड्यावरचं क्रोम आरशासारखं गुळगुळीत असावं लागतं, कारण सीलचा ओठ त्यावरून सतत घासत असतो. डस्ट बूट फाटला की घोडबंदर रोडची मेट्रोच्या कामातली खडी-सिमेंटची धूळ आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पावसाळी पाणी थेट त्या दांड्यावर येतं. क्रोमला बारीक टोचे पडतात, मग गंज, आणि तो गंज सील कापतो. आधी गॅस जातो, नंतर तेल. गॅस गेलेल्या स्ट्रटमध्ये लागोपाठ खड्डे आले की तेलाचा फेस होतो आणि फेस पिस्टनला अडवू शकत नाही. म्हणून अशी गाडी सोसायटीतून निघताना बरी वाटते आणि पुढे खराब रस्ता सुरू झाला की बिघडते.

या सगळ्यात आवाज कुठेच नाही. शॉकअप बहुतेक वेळा मुकाट्याने मरतो. बोंबलतात ते त्याचे शेजारी: लिंक, वरचं माउंटिंग, बुश. एका सेकंदात दहा-पंधरा वेळा उडू पाहणाऱ्या चाकाला दाबून ठेवणारं कुणी उरलं नाही, की तो मार त्यांच्या वाट्याला येतो.

आणखी एक समज खोडायला हवा. ‘शॉकअप बसले म्हणून गाडी खाली आली’ असं सर्रास म्हणतात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. या गाडीचं ब्रेकरला घासणं त्यामुळे वेगळं शोधावं लागलं, आणि त्याचं उत्तर खोलल्यावर मिळालं.

फोनवरची चर्चा

अंदाजपत्रक सांगितलं: पुढच्या स्ट्रटची जोडी, दोन्ही वरची माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट बूट, डावी लिंक, मजुरी, शेवटी अलाइनमेंट. सगळं धरून दहा हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झालाय, आधी शॉकअपला २८ टक्के होता, त्यामुळे साहेबांनी पूर्वी कुठेतरी विचारलेल्या भावापेक्षा हा आकडा थोडा खालीच आला.

“गळतोय डावा, मग उजवा कशाला बदलायचा?”

“साहेब, एका बाजूला नवा आणि एका बाजूला ७८ हजार चाललेला ठेवला, तर ब्रेक मारताना आणि वळणावर दोन बाजू दोन तऱ्हेने वागतील. तरी मी उजवा खोलून तुम्हाला दाखवतो. चांगला निघाला तर परत बसवतो, मजुरी नको.”

“आणि रिकंडिशन? निम्म्यात मिळतात म्हणे.”

नळकांड्याला भोक पाडून तेल भरायचं, भोक वेल्डिंगने बुजवायचं आणि वरून काळा रंग मारायचा, असा माल बाजारात फिरतो. आत नायट्रोजन किती आणि झडपांची अवस्था काय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्या गॅरेजमध्ये तो बसत नाही. साहेबांनी फार ताणून धरलं नाही.

खोलल्यावर

दुसऱ्या दिवशी काम काढलं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग चासीखाली स्टॅण्ड. जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा पांढऱ्या पेंटने आखून घेतली. या गाडीत कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलायची वेगळी सोय नाही, पण बोल्टच्या भोकात थोडी जागा असते आणि तेवढ्यानेही चाकाचा कल बदलतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटवरून सोडवली. लिंक सुटली. बोल्ट काढण्याआधी नकल तारेने वर बांधून ठेवली. ती बाहेर कलंडली तर होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट उपसून येऊ शकतो, म्हणजे एकाची दोन कामं.

बॉनेटखालचे माउंटिंगचे नट काढले, की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट खाली येतो. मधल्या नटाला मात्र गाडीवर असताना हात लावायचा नाही. शेकडो किलोंच्या जोराने दाबून बसलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडकलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने) दोन्ही बाजूंनी सारखी आवळून ती माउंटिंगपासून मोकळी फिरायला लागली, तेव्हाच मधला नट काढला. आमच्याकडे नव्या पोराला हे काम पहिलं वर्षभर नुसतं बघायलाच मिळतं.

डावीकडे बंप स्टॉपच्या जागी पिवळसर भुगा निघाला. दाबलं की चुरा. गाडी खोल दबली की तिला अडवणारी ही शेवटची उशी, आणि ती कधीच संपली होती. चाक उसळायचं तेव्हा ना शॉकअप रोखायचा, ना स्टॉप अडवायचा, आणि गाडी खाली टेकायची. घासण्याचं कारण हे. वर्षापूर्वी यावर उंची वाढवायचा उपाय केला गेला होता. सोसायटीच्या गेटवरच्या ब्रेकरचाही यात हात आहेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोल माथ्याचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर पसरलेला सांगितलाय, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. सोसायट्यांमध्ये तेवढ्याच किंवा जास्त उंचीचा ढिगारा हातभर रुंदीत उभा करतात.

साहेब शनिवारी स्वतः आले. दोन्ही जुने स्ट्रट टेबलावर उभे ठेवले होते. आधी डावा दाबला. दांडा कुरकुरत खाली गेला आणि जड हाताने वर ओढावा लागला. मग कोरडा ठणठणीत उजवा त्यांच्याच हातात दिला. दांडा दाबला तो खाली जाऊन तिथेच राहिला, आपणहून तसूभरही वर आला नाही. शिवाय दिशा बदलली की दोन बोटं अंतर दांडा रिकामाच सरकायचा, मग कुठे तेल पकडायचं. शेजारी नवा स्ट्रट दाबून दाखवला. तो संथपणे, एका लयीत पूर्ण वर आला. “म्हणजे न गळणारा जास्त वाईट होता?” साहेब म्हणाले. मजुरीचा विषय तिथेच संपला.

स्प्रिंगा दोन्ही चांगल्या होत्या. शेवटच्या वेटोळ्याला गंज किंवा तडा आहे का ते घासून पाहिलं, दोन्हींची उंची शेजारी ठेवून ताडली. बफर काढून टाकले. डावं बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत होतं. असं बेअरिंग पूर्ण अडकलं तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग पिळली जाते आणि टणकन उसळते.

नवा स्ट्रट बसवण्याआधी उभा धरून दांडा हळूहळू पूर्ण खालीवर केला, वाटेत गोदामात आडवा पडून आत शिरलेली हवा निघेपर्यंत. हे न करता बसवला तर नव्याचाच आवाज येतो. दांडा फिरू नये म्हणून त्याला पक्कड लावणारे कारागीर मी पाहिलेत. क्रोमवर पडलेली ती एक खूण सीलला पुरेशी असते. दांडा वरून ॲलन कीने धरायचा आणि नट टॉर्क पान्याने आवळायचा, एअर गन तिथे नको. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलंय ना, हे बघूनच कॉम्प्रेसर सोडला. उजवी बाजू अशीच, जास्त वेळ न घेता झाली. डावी लिंक नवी घातली, कॅलिपरच्या पिनांना ग्रीस दिलं.

बसवल्यानंतर

त्याच पुलांवर परत नेली. सांध्यांवर एकच हेलकावा, ब्रेकला नाक ताळ्यावर. खट्ट नाही. बफर काढल्याने पुढची उंची थोडी कमी झाली, तरी गेटवरच्या ब्रेकरला चार माणसं बसवून तिरकी न घेता सरळ नेली, घासली नाही.

घूं असा एक आवाज मात्र शिल्लक राहिला आणि तो राहणार हे ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं. खळगे पडलेला टायर स्ट्रट बदलल्यावर गुळगुळीत होत नाही. आधीच्या खटपटीवरून मला भीती होती, की हा आवाज ऐकून कुणीतरी व्हील बेअरिंग बदलून ठेवेल. पुढचे टायर मागे टाकले, अलाइनमेंट केलं. टो बराच सरकला होता, स्ट्रट काढल्यावर सरकतोच. लोअर आर्मचे बुश या कामात सैल केलेच नव्हते. केले असते तर त्यांचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवूनच आवळावे लागले असते, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून वर्षात फाटतं.

मागचे शॉकअप मूळचेच आहेत. डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे त्यांच्यावर सतत भार असतो, पण कोरडे आहेत आणि रस्त्यावर नीट वागले, म्हणून त्यांना हात लावला नाही. पुढचा पावसाळा संपला की चाकं काढून चारही बूट बघायचे ठरलंय. आमच्याकडे स्ट्रट बदलायला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत सुरुवात त्या काहीशे रुपयांच्या रबरापासूनच झालेली असते. शॉकअप बनवणाऱ्या कंपन्या साधारण ८० हजार किलोमीटरला तपासणी सुचवतात. घोडबंदरला राहणाऱ्यांनी ५० हजारांपासूनच बघायला लागावं, असं माझं मत.

नवे टायर ताईंनी दिवाळीवर ढकललेत. टायरच्या दुकानात परत कुणीतरी बफर गळ्यात मारायला बघेल, तेव्हा या वेळी साहेबांऐवजी तुम्हीच जा, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.